रिफर्बिश्ड डेस्कटॉप, नवीन ग्राफिक्स कार्ड आणि जुन्या कंपनीचा बायोस पासवर्ड

रिफर्बिश्ड डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकणं हे खरं तर अर्ध्या तासाचं काम. माझं मात्र किती दिवस लटकलं, आणि तेही कार्डामुळे नाही की वॉटमुळे नाही, तर ते मशीन आधी ज्या ऑफिसात होतं तिथल्या आयटीवाल्यांनी बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जना, लावलेल्या पासवर्डमुळे. विकणाऱ्याने मशीन पुसलं, नवीन विंडोज टाकली, 'गेमिंगसाठी अपग्रेड करता येईल' असं लिहून विकलं, आणि पासवर्ड तसाच ठेवला. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

कार्ड निवडताना मी व्यवस्थित अभ्यास केला होता. ऑफिसच्या मशीनमधला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कमी वॉटचा असतो, बऱ्याचदा त्याचा आकार आणि कनेक्टरही त्या कंपनीचेच वेगळे, आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारी सहा पिनांची वायर त्यात नसतेच. मग मदरबोर्डवर कार्ड जिथे बसतं त्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात तेवढ्यावर भागणारं कार्ड शोधायचं. माझं कॅबिनेट बारीक, म्हणून लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, जीटीएक्स १६५० घेतलं. यात एक बघा, १६५० चीच काही मॉडेल्स सहा पिनवाली येतात, त्यामुळे नुसत्या नावावर ऑर्डर करू नका, फोटोत कार्डाच्या कडेला पॉवरचं सॉकेट दिसतंय का ते बघा. आणि छोटी पट्टी, म्हणजे लो प्रोफाइल ब्रॅकेट, बॉक्समध्ये येते का ते विचारा, नाहीतर कार्ड आत बसेल पण कॅबिनेट बंद होणार नाही.

बसवलं, क्लिक झालं, स्क्रू लावला. केबल कार्डाला लावली तर मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही. केबल मदरबोर्डला लावली तर विंडोज मस्त सुरू, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नाही, पिवळं चिन्हसुद्धा नाही, जणू स्लॉट रिकामाच आहे. कार्ड मैत्रिणीच्या मशीनमध्ये टाकून बघितलं, पहिल्या फटक्यात चाललं. म्हणजे प्रश्न माझ्या मशीनच्या सेटिंगचाच. बायोसमध्ये जायला गेले तर समोर एक चौकोन, पासवर्ड टाका.

आता विकणाऱ्यांचं कस्टमर केअर. मी स्वच्छ लिहिलं की बायोसला पासवर्ड आहे, तो सांगा किंवा काढून द्या. उत्तर आलं, मॅडम विंडोज रीइन्स्टॉल करा. अहो, बायोसचा आणि विंडोजचा काय संबंध! मग म्हणे मदरबोर्डवरची बॅटरी काढून पुन्हा लावा. तेही केलं, वायर काढून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मशीनचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलेलं आणि पासवर्डचा चौकोन जागच्या जागी. ऑफिस मॉडेल्समध्ये बऱ्याचदा हा पासवर्ड अशा मेमरीत असतो की जी वीज गेली तरी पुसली जात नाही, म्हणजे बॅटरीने तारीख आणि साधी सेटिंग्ज जातात, पासवर्ड नाही. रोज असलीच मशीनं विकणाऱ्यांना हे माहीत नसावं? दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून तेच, सिरियल नंबर द्या, बिलाचा फोटो पाठवा, कार्ड आमच्याकडून घेतलंय का. एकाने तर लिहिलं की कार्ड खराब असणार, परत करून टाका, आणि वर कॅबिनेट उघडलंय म्हणून वॉरंटीचं बघावं लागेल. जे मशीन अपग्रेड करता येईल म्हणून विकलं ते न उघडता अपग्रेड कसं करायचं?

शेवटी त्यांचा नाद सोडला आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून माझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डाउनलोड केलं. फुकट मिळतं, आधी तेच वाचा असं मी आता सगळ्यांना सांगते. त्यात मदरबोर्डचा नकाशा आणि पासवर्डचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, कुठे आहे ते बाण काढून दाखवलेलं. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या, केबल बाजूला सारल्या तर खाली दोन पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी निळी टोपी. वायर काढायची, चिमट्याने टोपी उचलायची, मशीन चालू करायचं, बंद करायचं, टोपी परत लावायची. एवढंच! बायोस उघडलं आणि आत ग्राफिक्स कार्डाचा तो लांब स्लॉटच डिसेबल करून ठेवलेला. एनेबल केला, सेव्ह केलं, रीस्टार्ट, आणि केबल कार्डाला लावल्यावर स्क्रीन उजळली तेव्हा मी एकटीच जोरात ओरडले. कस्टमर केअरला जे इतक्या मेलमध्ये जमलं नाही ते मी मॅन्युअल वाचून केलं, याचा मला अभिमान आहे.

सगळ्या मशीनमध्ये असा जंपर नसतो. काही नवीन मॉडेल्सना मशीन बनवणाऱ्या कंपनीकडेच जावं लागतं आणि ते मशीन तुमचंच असल्याचा पुरावा मागतात, म्हणून बिल जपून ठेवा. मशीन हातात आलं की कार्ड मागवायच्याही आधी बायोस उघडून बघा, पासवर्ड मागितला तर परत करायची मुदत आहे तोवरच परत करा.

हो, साटाच्या वायरीवरून सहा पिन करून देणारा ॲडॅप्टर मिळतो, तो अजिबात वापरू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच धरलेला असतो आणि सहा पिनवाल्या जोडणीवरून कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं, वायर वितळते. काही बारीक मशीनमध्ये तर स्लॉटलाच ७५ पेक्षा कमी वॉटची मर्यादा असते, तेही मॅन्युअलमध्येच सापडेल. आरएक्स ६४०० या कार्डाचं बघत असाल तर ते ५३ वॉटवर चालतं हे छान, पण त्याला मदरबोर्डशी डेटाची देवाणघेवाण करायला चारच लेन, म्हणजे मार्ग, आहेत, त्यामुळे जुन्या जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या कमी वेगाच्या, स्लॉटमध्ये बऱ्याच गेम्समध्ये मार खातं. आधी दुसरं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने साफ करून घ्या. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी टाका, माझ्याकडे गेम मध्येच अडखळायचा तो त्यानंतरच थांबला.