आल्तिनो ते आंबोली: दोन रेडिओंच्या मागावर

पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर फोटोसाठी नेहमीची झुंबड होती. तिला वळसा घालून मी आल्तिनोचा चढ धरला. टेकडी फार उंच नाही, पण दमट हवेत शर्ट पाठीला चिकटतोच. वर बिशपचा राजवाडा, सरकारी बंगले, जुनी झाडं आणि आकाशवाणीचं केंद्र. रखवालदाराने "कितें जाय?" म्हणून विचारलं. "काही नाही, नुसतं बघायला आलोय," म्हटल्यावर तो चक्रावलाच.

बाहेरून बघण्यासारखं तसं काही नाहीही. पण गोव्यातला हा रेडिओ १९४६ साली पोर्तुगीजांनी सुरू केला, 'एमिसोरा द गोवा' या नावाने. पुढे भारताचे नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेगीतांवर गदा आणली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले हे सगळ्यांना ठाऊक असतं. काहींनी गोवाही धरला होता, हे कुणी फारसं सांगत नाही!

दुपारी म्हापसा, सावंतवाडी करत दाणोलीहून घाट चढलो. आंबोलीला लोक धबधब्यासाठी येतात. मी आलो होतो एका ट्रकसाठी. ऑगस्ट १९५५मध्ये गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. गोव्यातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, रेडिओ सरकारचा. मग आतल्या माणसांना खरं सांगणार कोण? त्याच नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी या जंगलात ट्रकमध्ये ट्रान्समीटर बसवून 'गोंयच्या सोडवणुकेचो आवाज' सुरू केला, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. एमिसोराने काहीतरी सांगायचं आणि इथून ते खोडून काढायचं. पुढे मुक्काम गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कॅसलरॉकला हलला, पण काम १९६१पर्यंत चाललं.

रस्त्याकडेला गाडी लावून थोडं आत गेलो. दहा पावलांवरचं झाड धुक्यात दिसेना, चष्मा पुसून पुसून कंटाळलो आणि पायाला जळू लागलीच. अशा ओलीत रेडिओची यंत्रं कोरडी कशी ठेवली असतील? ट्रक नेमका कुठे उभा असायचा ते सांगणारा फलक मला तरी दिसला नाही. चहावाल्या काकांनाही ठाऊक नव्हतं. "धबधबा बघितलात ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

१८ डिसेंबर १९६१ला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि सरदेसाई आणि लोबो विमानातून पणजीवर घिरट्या घालत लाउडस्पीकरवरून ती बातमी सांगत होते. पुढे त्यांनी लग्न केलं. जानेवारी १९६२मध्ये आल्तिनोचं केंद्र आकाशवाणीकडे आलं. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५ साली, वयाच्या शंभरीत. एवढा उशीर का, हे दिल्लीलाच ठाऊक.

कॅसलरॉक अजून राहिलंय. तिथे जायचं तर पावसाळा संपल्यावर, आणि रेल्वेनेच.