अण्णांचा सेकंड माल

शेजारच्या अण्णांचे दिवसकार्य काल पार पडले आणि आज सकाळी त्यांच्या शेडमधले माग पुन्हा सुरू झाले. मनात आहे ते विसरण्याआधी लिहून ठेवावे, म्हणून बसलो आहे.

अण्णा पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले. घरात तेलुगू, व्यापाऱ्यांशी हिंदी आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी. घरामागच्या शेडमध्ये मोजके यंत्रमाग, त्यांवर टर्किश टॉवेल निघत, धंदा बेताचाच. अण्णा उदार होते एवढे म्हणून माझे भागत नाही. आपण देत आहोत हे घेणाऱ्याला जाणवू नये यासाठी ते जी खटपट करीत, ती मला अधिक मोलाची वाटते.

पाण्याचेच घ्या. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहरात येते आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड सुटते. गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका तयार विड्या पोहोचवून नवी पाने-तंबाखू आणायला गेलेल्या असताना नळ येऊन गेला, तर पुढचे दिवस कसे काढायचे हा त्यांना मोठाच प्रश्न असे. शेडला लागून अण्णांचा मोठा हौद होता. संध्याकाळी ते भिंतीवरून पाइप सोडीत आणि हाक मारीत, “हौद धुवायचाय उद्या, पाणी वाया चाललंय, न्या की ओ!” मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असताना सोलापुरात कोणी हौद धुण्यासाठी पाणी फेकत नाही, हे त्या बायकांना ठाऊक नव्हते असे नाही, पण त्यांनीही ते कधी बोलून दाखवले नाही.

गल्लीत लग्न असो वा बाळंतपण, अण्णांकडून टॉवेलांचा गठ्ठा यायचा. “सेकंड माल आहे मास्तर, एक धागा गेलाय, बाजारात कोण घेतंय?” आमच्याकडे आलेले टॉवेल मी उजेडात धरून पाहिले आहेत, गेलेला धागा मला सापडला नाही. परवा त्यांच्या जुन्या कारागिराने उलगडा केला: खरा सेकंड माल स्वस्तात फेरीवाल्यांना जाई, गल्लीत वाटण्यासाठी अण्णा चांगल्या मालातून निवडून काढीत.

दर 12 जानेवारीला ते गल्लीतल्या पोरांना चार पुतळ्यांपाशी नेत. 1931 साली त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली, हे पोरांना पुस्तकाआधी अण्णांकडून कळले. तिथून मंडळी सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत जात आणि पाळण्यात बसत. आईबापांनी पैसे पुढे केले की अण्णांचे ठरलेले उत्तर, “पाळणेवाला वळखीचा आहे, पैसे घेत नाही.” एवढे पाळणेवाले एकाच माणसाच्या ओळखीचे कसे, हे कोणी विचारले नाही.

मात्र या सगळ्याची दुसरी बाजू न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. हातउसने मागणाऱ्याला अण्णा नाही म्हणत नसत, आणि मागणारे सगळेच गरजू नव्हते. सुताचे भाव चढलेल्या दिवसांत घरात चणचण असताना वहिनी टॉवेलांच्या कडा शिवत रात्री जागत, आणि त्याच सुमारास कोणी धडधाकट माणूस पैसे घेऊन निवांत निघून जाई. अण्णांच्या दातृत्वाची कीर्ती आम्ही गाऊ, पण त्याचा निम्मा भार ज्यांनी न विचारता उचलला, त्या वहिनींचे नाव कोणी घेत नाही.

काल पाहुणे गेल्यावर मुलाने उधारीची वही माझ्यापुढे ठेवली. रकमा आहेत, व्याज कुठेच नाही. काही नावांवर अण्णांनी स्वतःच रेघ मारली आहे, त्यांतली काही माणसे आता हयातही नाहीत. मुलाचे म्हणणे, वडिलांनी मागितले नाही तर आपण कसे मागायचे? मी उत्तर शोधीत होतो, तोवर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “ज्यांना जमत नाही त्यांचं सोडून द्या. पण ज्यांनी बंगले बांधले त्यांना विचारायला काय हरकत आहे? अण्णांना लाज वाटायची, मला नाही वाटत.”

मला ते पूर्ण पटले. आम्ही तिघांनी बसून रेघ न मारलेल्या नावांतून मागण्याजोगी निवडून काढली. रविवारी मुलाबरोबर मी त्यांच्याकडे जाणार आहे.