गोचीड अंगावर कमी, भिंतीत जास्त

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत एखाद्या घरचा कुत्रा तापाने पडला आणि त्याच्या रक्तात बॅबेशिया (गोचिडातून पसरणारा, तांबड्या रक्तपेशींत राहणारा परजीवी) निघाला, की दुसऱ्या क्षणाला चर्चा फाटकाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांवर येते. त्यांचा काहीच वाटा नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु पाळीव कुत्र्याला हा आजार होण्याची शक्यता कशाकशाने वाढते याचा विचार करताना आपण स्वतःच्या घराकडे फार उशिरा पाहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरातल्या कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारा तपकिरी गोचीड (तो कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद) माणसाच्या घरात राहायला सरावलेला आहे. लार्व्हा (अंड्यातून निघालेले पिल्लू), निम्फ (अर्धवट वाढलेला) आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत तो कुत्र्याचेच रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली पडून एखाद्या फटीत शिरतो. एक मादी सुमारे ४००० अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर स्कर्टिंगच्या मागे, दाराच्या चौकटीत किंवा बाल्कनीतल्या कुंड्यांच्या आडोशाला. वर चढत जाण्याची त्याला खोडच असते. आमच्या लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये, जिथे वॉचमनने लळा लावलेली कुत्री दुपारी थंडगार फरशीवर पसरते, तिथे वायरिंगच्या पट्टीच्या कडेने तिळाएवढे निम्फ वर सरकताना मी पाहिले आहेत. प्रौढ गोचीड उपाशीपोटी वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतो. त्यामुळे आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याने मागे ठेवलेले गोचीड नव्या भाडेकरूच्या कुत्र्याला चावले, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. अशा घरात नुसत्या औषधी शांपूने आंघोळ घालून फारसे काही साधत नाही.

आमच्या लॅब्रेडॉरला ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवी चहासारखी गडद झाली, तेव्हा डॉक्टरांनी कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, कारण तिथल्या बारीक केशवाहिन्यांतल्या रक्तात बॅबेशिया सापडण्याची शक्यता अधिक असते. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी मलाही दाखवले: एका तांबड्या पेशीत टोकाशी टोक जुळवून बसलेले दोन परजीवी.

बॅबेशिया शरीरात उतरण्यासाठी गोचीड साधारण दोन ते तीन दिवस चिकटून राहावा लागतो, म्हणून रोज बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत हात फिरवून पाहण्याला अर्थ आहे. त्याच गोचिडाकडून होणारा एर्लिकिया मात्र जिवाणू आहे, आणि तो काही तासांतच संक्रमित होऊ शकतो. तिथे रोजची तपासणी अपुरी पडते आणि नियमित औषधालाच पर्याय उरत नाही. हेपॅटोझून या तिसऱ्या परजीवीचा मार्ग आणखी निराळा आहे, कारण तो चाव्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळला तर होतो. अंगावरचे गोचीड स्वतःच दातांनी वेचून खाणाऱ्या कुत्र्याचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कुत्र्यांमधला हा परजीवी १९०५ मध्ये भारतातच प्रथम नोंदवला गेला, तर बॅबेशिया गिब्सोनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत. हा गिब्सोनी गुराढोरांवरच्या दुसऱ्या जातीच्या गोचिडांकडून येतो. त्यामुळे ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला, जिथे गुरे-शेळ्या चरतात तिथल्या गवतात, रविवारी कुत्र्याला मोकळे सोडणाऱ्यांचा धोका सोसायटीच्या पोडियमवरच (फरशीच्या मोकळ्या जागेत) फिरणाऱ्या कुत्र्यापेक्षा वेगळा असतो. शिवाय गिब्सोनी कुत्र्यांच्या झटापटीतल्या चाव्यांतून आणि रक्त चढवतानाही पसरू शकतो.

डासांकडे आपले लक्ष त्याहूनही कमी असते. हृदयात राहणारा हार्टवर्म आणि त्वचेखाली राहणारा डायरोफिलारिया रेपेन्स या दोन्ही फायलेरिया कृमींच्या अळ्यांची वाढ डासाच्या शरीरात होते, आणि तापमान १४ अंशांखाली उतरले की ती थांबते. ठाण्यातल्या हिवाळ्याकडून तशी अपेक्षाच नको. क्युलेक्स डासाला हवे असलेले घाण पाणी आपल्या नाल्यांत बारमाही उपलब्ध आहे. तरीही पावसाळा संपला की प्रतिबंधक गोळ्या बंद करणारी सुशिक्षित घरे मी पाहतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, टाळता येण्याजोगा धोका या खंडातच आहे.

प्राण्यांच्या रुग्णालयांतून येणाऱ्या या आजारांच्या टक्केवारीबाबतही सावध असावे. तिथे बहुधा आजारीच कुत्रे येतात, त्यामुळे ते आकडे शहरातल्या सगळ्या कुत्र्यांना लागू करता येत नाहीत. वयानेही फरक पडतो: पिल्लांना बॅबेशियाचा त्रास तीव्र होतो, तर फायलेरियाच्या कृमी प्रौढ कुत्र्यांत अधिक सापडतात, कारण त्यांना डास चावण्याची वर्षे जास्त मिळालेली असतात.

गणपतीत कोकणात जाताना कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवण्याची वेळ अनेकांवर येते. अनेक घरांचे कुत्रे एका छपराखाली आले की एकाचे गोचीड सगळ्यांचे होतात. म्हणून जे केंद्र माझ्या कुत्र्याला शेवटची गोळी कधी दिली हे विचारत नाही, ते इतरांनाही विचारत नसणार असे मी धरून चालतो आणि तिथे त्याला ठेवत नाही.