चपला कुणी आणायच्या?

शुक्रवार, रात्री उशिरा

आज पुन्हा 'माय फेअर लेडी' लावला. १९६४चा, जॉर्ज क्युकरने दिग्दर्शित केलेला. जवळजवळ तीन तासांचा ऐवज. संपत आला तेव्हा डोळ्यांवर झापड होती, पण शेवटची दोन मिनिटं आली आणि दरवेळसारखी चिडचिड होऊन झोप उडाली.

एलायझा, शुद्ध इंग्रजी शिकून 'लेडी' झालेली रस्त्यावरची फुलवाली, घर सोडून गेलेली असते. तिला शिकवणारा प्राध्यापक हिगिन्स एकटाच तिच्या जुन्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं लावून ऐकत बसलेला. त्यात तो तिला घाणेरडी म्हणतो. त्यावरचं तिचं उत्तर यंत्रातून येण्याआधीच मागून आलेली एलायझा यंत्र बंद करते आणि ते वाक्य स्वतः म्हणते, त्याच जुन्या फुलवालीच्या बोलीत: येताना हातबित, तोंडबिंड धुऊन आलेय मी. हिगिन्सला आनंद झालेला असतो, पण तो दाखवेल तर शपथ. टोपी डोळ्यांवर ओढतो, खुर्चीत रेलतो आणि विचारतो, "माझ्या चपला कुठं मेल्या?" संपला सिनेमा.

मुलीने मरमर मेहनत करून बोली बदलली, राजदूतावासातल्या मेजवानीत भल्याभल्यांना चकवलं, मग ह्याच माणसाला तोंडावर सुनावलं की तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, आणि शेवटी काय, तर चपला! तरीही मी सिनेमा बघत असताना ती परत यावी असंच मला वाटत असतं. खरी चिडचिड त्याची आहे. बर्नार्ड शॉचं मूळ नाटक 'पिग्मॅलियन' वाचताना असं कधी वाटलं नव्हतं. मग गाण्यांनी मध्ये काय घोटाळा केला? उद्या सुट्टी आहे. बसून ऐकायचं.

शनिवार, संध्याकाळ

दिवसभर एकच उद्योग. आधी १९५६चं, ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या) मूळ संगीतिकेच्या नटसंचाचं ध्वनिमुद्रण, मग चित्रपटातली तीच गाणी, मग पुन्हा पहिलं.

१५ मार्च १९५६ला न्यूयॉर्कमध्ये 'माय फेअर लेडी' पहिल्यांदा रंगमंचावर आलं. शब्द अ‍ॅलन जे लर्नरचे, चाली फ्रेडरिक लोव्हच्या, हिगिन्स रेक्स हॅरिसन आणि एलायझा ज्यूली अँड्र्यूज, वय वर्षं वीस. २७१७ प्रयोग झाले, ब्रॉडवेवरचा तेव्हाचा उच्चांक. चित्रपटाचे हक्क वॉर्नर ब्रदर्सने ५५ लाख डॉलरला घेतले. हॅरिसन घेतला, एलायझाच्या बापाच्या भूमिकेत स्टॅन्ली हॉलोवे घेतला, आणि अँड्र्यूजला वगळून ऑड्री हेपबर्नला आणलं. अँड्र्यूजला सिनेमाच्या प्रेक्षकांत कोण ओळखतं, हा हिशेब. सिनेमा आला त्याच वर्षी अँड्र्यूजचा 'मेरी पॉपिन्स' आला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला मिळालं. 'माय फेअर लेडी'ला आठ ऑस्कर मिळाली, हेपबर्नला साधं नामांकनसुद्धा नाही. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. लोक तो सुडाच्या गोष्टीसारखा चवीने सांगतात, पण मला त्यात हेपबर्नचीच दया येते.

कारण तिने गाण्यांची तालीम केली होती, स्वतःच्या आवाजात ती ध्वनिमुद्रितही केली होती. नंतर त्यांतली बहुतेक मार्नी निक्सनच्या आवाजात गाऊन घेतली गेली. 'जस्ट यू वेट' कान देऊन ऐकावं. हिगिन्सवर दातओठ खात एलायझा एकटीच ओरडत असते, तो सुरुवातीचा भाग हेपबर्नचा. आवाज थोडा खरखरीत, सूर कधी कडेवरून निसटणारा, पण राग अस्सल. मग ती स्वप्नात शिरते, आपण प्रसिद्ध होऊ, राजा आपल्याला बोलावेल, आणि तिथे एकदम घासूनपुसून लख्ख केलेला आवाज येतो. निक्सनचा. एकदा कानाला तो सांधा कळला की पुढे प्रत्येक वेळी तिथे अडखळायला होतं. तेच गाणं अँड्र्यूजच्या गळ्यातून ऐकलं की राग आणि स्वप्न एकाच पोरीचे वाटतात, स्वप्नातही ती दात खातच असते.

आता हॅरिसनचं बघा. त्याला गाता येत नव्हतं, म्हणून लोव्हने चाली अशा बांधल्या की त्याने बोलत बोलत सुराला टेकून पुढे जावं. नाटकाच्या चाचणी प्रयोगाच्या दिवशी, न्यू हेवनमध्ये, पहिल्यांदाच पूर्ण वाद्यवृंदाबरोबर उभं राहायचं म्हटल्यावर ह्या गृहस्थाचं धाबं दणाणलं. मी रंगमंचावर जाणार नाही म्हणून अडून बसला, आणि बाहेर बर्फ पडत असताना महत्प्रयासाने राजी झाला. पण एकदा ती पद्धत अंगात मुरल्यावर त्याने ती सोडलीच नाही. चित्रपटात आधी गाणं मुद्रित करून मग ओठ हलवायचे हा नियम. हॅरिसन म्हणाला, मी दोनदा एकसारखं म्हणतच नाही, ओठ जुळवू कसे? म्हणून त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि त्याची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच, जशी म्हटली तशी, घेतली.

म्हणजे नायकाचा श्वास, त्याची धाप, त्याचं अडखळणं, सगळं जिवंत. आणि जिच्या आवाजाची ही गोष्ट, तिच्या गाण्यात श्वास दुसरीचा. पुरुष बाईला योग्य आवाज देतो, ही त्या गोष्टीतली हिगिन्सची घमेंड. सिनेमा करणाऱ्यांनी ती पडद्यामागेही खरी करून दाखवली!

आपल्याला खरं तर पार्श्वगायनाचं काही वाटू नये. आपण त्यावरच वाढलो. १९८०च्या 'मनपसंद'मध्ये बासू चटर्जींनी हीच गोष्ट घेतली. दातून विकणारी टीना मुनीम, तिला गाणं शिकवून गायिका करणारा देव आनंद, आणि 'चारू चंद्र की चंचल चितवन'ने केलेली जिभेची कसरत. तिथे टीनाच्या तोंडी लताबाई येतात, आणि येणार हे आपण धरूनच चालतो. श्रेयनामावलीत नाव असतं, तबकडीवर असतं, लोक गाणं लताचं म्हणूनच ओळखतात. निक्सनचं नाव पडद्यावर कुठेच नव्हतं. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी, 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी तीच गायली होती, तिथेही तेच. बाकी ह्या बाईचं मला भारी कौतुक. १९६४मध्येच तिने न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये एलायझाची भूमिका स्वतः उभी राहून केली, आणि पुढच्या वर्षी 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये एका जोगिणीच्या वेषात पडद्यावर दिसली. बरोबर कोण? ज्यूली अँड्र्यूज.

(देव आनंदच्या सिनेमाची एक गंमत: त्यातली कमली शिकण्याआधीच इतकी सुरेल गाते की गुरूला करायला काही उरतच नाही.)

रविवार, दुपार

सकाळी 'ती फुलराणी'तलं भक्ती बर्वेंचं स्वगत बघितलं. ह्या विषयात पडल्यावर ते टाळणं शक्यच नव्हतं.

पु. लं.नी १९७५मध्ये शॉच्या मूळ नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलं, संगीतिकेवरून नव्हे. इंडियन नॅशनल थिएटरची निर्मिती, प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी. नाव बालकवींच्या कवितेचं. पण मंजुळेचं, म्हणजे मराठी एलायझाचं, 'तुला शिकवीन चांगलाच धडा' ऐकलं की पु. लं.च्या कानात 'जस्ट यू वेट' घुमत होतं याबद्दल माझ्या मनात तरी शंका उरत नाही. प्रसंग तोच, मास्तरावरचा रागही तोच, सूड घ्यायची स्वप्नंही तशीच. फक्त चाल नाही. वाद्यं नाहीत. आहे ती नुसती लय, आणि ती भक्तीबाईंच्या जिभेवर. त्या दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, म्हणजे स्वच्छ मराठी हा त्यांचा रोजचा व्यवहार. तीच जीभ मंजुळेच्या बोलीत अशी काही सुटते की वाटावं, शुद्ध बोलायला हिला कष्ट पडत असतील. मध्येच आवाज लाडात येतो, मध्येच कमरेवर हात ठेवल्यासारखा होतो, एखाद्या शब्दाशी थांबून त्या मास्तरची मान पिरगाळल्याचा आनंद घेतो. गाणं नसून ते गाण्यासारखं पाठ झालं. नाट्यस्पर्धांमधून, कॉलेजच्या स्टेजवर किती मुलींनी ते म्हटलं असेल! हिगिन्सच्या वाट्याची कुठली गोष्ट आपल्याकडे अशी तोंडपाठ झालीय? दुभाष्यांचं काम थोरच होतं, तरीसुद्धा.

इथे माझ्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं.

संगीतिकेत एलायझाचं शेवटचं मोठं गाणं 'विदाउट यू'. तुझ्याशिवायही वसंत येईल, झाडाला फळं येतील, असं ती ठणकावून सांगते. हिगिन्स त्यातही तोंड घालतो, बघा, हिला एवढी तडफदार मीच केली! ती निघून जाते. मग तो रस्त्याने एकटा घरी निघतो आणि त्याला लोव्हने सगळ्या नाटकातली सगळ्यात हळवी चाल दिली आहे, तिच्या चेहऱ्याची सवय झाली म्हणणारी. गाणं सुरू होतं चरफडीने. मग तिच्या लग्नाची, फजितीची कल्पना करून तो खुदखुदतो, मग पुन्हा तीच हळवी ओळ, आधीपेक्षा हळू. हॅरिसन ती जवळजवळ कुजबुजतो. न गाणारा माणूस तिथे गायच्या अगदी काठावर येतो. संपूर्ण नाटकात त्याने क्षमा मागितलेली नाही, त्या गाण्यातही मागत नाही. पण ते संपेपर्यंत आपण त्याच्या बाजूला गेलेलो असतो. मग ती दारात आली की हायसं वाटतं, आणि चपला खपून जातात.

शेवटचं गाणं त्याला मिळालं, म्हणून शेवटही त्याचा. एलायझाला त्यानंतर एक चाल मिळाली असती तर ह्या सिनेमाने मला असं गुंडाळलं नसतं. शॉ हयात असेपर्यंत त्याने ह्या नाटकाची संगीतिका होऊ दिली नाही, त्यात त्याचा हेकटपणा होताच, पण सुरांवरचा त्याचा अविश्वास मला आज पटला.

तसा त्याच्या शेवटाला धक्का गाण्यांच्या कितीतरी आधी लागला होता. १९१४मध्ये लंडनला प्रयोग झाले तेव्हा हिगिन्स करणारा हर्बर्ट बीरबोम ट्री शेवटी एलायझाकडे पुष्पगुच्छ फेकायचा. शॉ भडकला. १९१६मध्ये त्याने नाटकाला लांबलचक उपसंहार जोडला: ती हिगिन्सशी लग्न करत नाही, तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी करते. तरी १९३८च्या 'पिग्मॅलियन' चित्रपटात लेस्ली हॉवर्डचा हिगिन्स चपला मागतोच, आणि वेंडी हिलरची एलायझा परत येतेच. पटकथेचं ऑस्कर मात्र शॉला! स्पेनच्या पावसाची ती सुप्रसिद्ध ओळही त्याच चित्रपटातली, मूळ नाटकात ती नाही. म्हणजे लर्नर आणि लोव्हने नाटक घेतलं म्हणतात, पण शेवट सिनेमाचा घेतला.

हे दुरुस्त करता येतं हे २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये दिग्दर्शक बार्टलेट शेरने दाखवलं, तेही एक शब्द न बदलता. लॉरेन अ‍ॅम्ब्रोजची एलायझा परत येते, यंत्र बंद करते, जुन्या बोलीतलं वाक्य म्हणते. हिगिन्स चपलांचं विचारतो. ती त्याच्या गालाला हात लावते आणि चालू लागते, थेट प्रेक्षकांमधून बाहेर. लिहिलेल्या नाटकात चपला आणल्याचं कुठे म्हटलंय? विचारलंय फक्त. इतकी वर्षं आपणच मनातल्या मनात तिला वाकवत होतो.

मला हा शेवट आवडतो, पण थोडा घाईचाही वाटतो. आधी इतकं गोड गाणं ऐकवायचं आणि मग एका हातवाऱ्यावर सगळं फिरवायचं. मला वाटतं, खरी किल्ली त्या जुन्या बोलीतल्या वाक्यात आहे. हेपबर्न ते अगदी हळू म्हणते, खाली मान घालून माघारी आल्यासारखं. तेच वाक्य खोडकरपणे, दोन्ही बोली आता माझ्या खिशात आहेत अशा थाटात म्हटलं, तर ती परत आली तरी माझी हरकत नाही. भक्तीबाईंनी ते तसंच म्हटलं असतं, पैज.

राहता राहिला फ्रेडी. त्याच्या वाट्याला सगळ्यात देखणी चाल आहे, तिच्या रस्त्यावर उभं राहण्याची, आणि अक्कल बेताची. (चित्रपटात त्याचाही गळा उसनाच, जेरेमी ब्रेटच्या तोंडी बिल शर्ली.) शॉच्या उपसंहारात तो आणि एलायझा हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग याच्या पैशावर फुलांचं दुकान टाकतात, दुकान तोट्यात जातं, आणि दोघं व्यवहार शिकायला लघुलेखनाच्या आणि कसल्याकसल्या वर्गांना जाऊन बसतात. ह्या भागावर मात्र कुणी गाणं रचलेलं नाही.