कव्हर बघूनच कळतं मासिक कुणासाठी आहे

आज मडगावला मित्राच्या घरी त्याच्या काकांचा जुन्या इंग्लिश म्युझिक मॅगझिन्सचा गठ्ठा मिळाला आणि दुपारभर मी फक्त कव्हरंच बघत बसलो, आतलं पान एकसुद्धा उघडलं नाही!

केरँगचं बघा, १९८१ पासूनचं हेवी मेटल, म्हणजे कडक-कर्कश रॉक ऐकणाऱ्यांचं मॅगझिन, लोगोच काच तडकल्यासारखा, फोटोतला गायक अंगावर ओरडतोय, कोपऱ्यात फ्री पोस्टरची जाहिरात, सगळी नुसती गर्दी. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला भिंतीवर लावायला पोस्टर हवंच असतं ना. आणि मोजो? एकच शांत चेहरा, बऱ्याचदा ब्लॅक अँड व्हाइट, साठ-सत्तरच्या दशकातला कोणीतरी, सोबत सीडी. हे मासिक घेणाऱ्याचे केस पिकलेत हे लांबूनच कळतं.

लोगो नेहमी वर का असतो तर स्टँडवर मासिकं एकामागे एक लावलेली असतात, तेवढीच पट्टी दिसते. पण रोलिंग स्टोन बिनधास्त लोगोवर फोटोतल्या माणसाचं डोकं आणतं, कारण अर्धी अक्षरं दिसली तरी लोक ओळखतात. बीटल्सवाल्या जॉन लेननचं ते जानेवारी १९८१ चं कव्हर, फोटोग्राफर ॲनी लीबोविट्झने तो गेला त्याच दिवशी काढलेला फोटो, त्यावर एक हेडलाइन नाही. मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं.

आपल्याकडे भजनाच्या, नाटकाच्या पोस्टरवर सगळ्यांचेच फोटो कोंबतात, गाणाऱ्याचा चेहरा सापडतच नाही. यंदा सप्ताहाचं पोस्टर माझ्याकडे आहे. एकच फोटो ठेवणार, कमिटीशी भांडावं लागलं तरी चालेल.