तुम्ही विचारलंत म्हणून: मनाच्या आजारावरचे उपचार तिकडे बरे की इकडे?

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता आवाजावरूनच कळतं समोरच्याला कुठलं उत्तर ऐकायचंय. मी साडेचार वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला होते, तिथे मला डिप्रेशन आलं, ट्रीटमेंट तिथे सुरू झाली आणि उरलेली पुण्यात झाली, त्यामुळे लोकांना वाटतं हिच्याकडे मॅचचा निकाल असणार. न्यू जर्सीची मावसबहीण विचारते, "इंडियात अजून लोक आधी बुवा-बाबाकडेच नेतात ना गं?" आणि सदाशिव पेठेतले काका म्हणतात, "तिकडे शेजारी मेला तरी पत्ता लागत नाही, मग डिप्रेशन येणारच, आपल्याकडे माणसं असतात." दोघंही मायेनेच बोलतात आणि दोघांनीही समोरच्या देशातलं मनोविकारांचं एकही ओपीडी आतून पाहिलेलं नाहीये.

तर सांगते. लीड्सला आधी जीपीकडे गेले, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, दहा मिनिटांची अपॉइंटमेंट. त्याने नऊ प्रश्नांचा फॉर्म दिला, गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती वेळा वाटलं, शून्य ते तीन मार्क. मी पहिल्यांदा खोटे मार्क दिले, कारण फॉर्म म्हटलं की आपण चांगलं दिसायला बघतो. पुढे टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून करायच्या उपचारांसाठी, फोनवर एका बाईने असेसमेंट केलं आणि त्यात एक घोळ झाला, जो मला आजही आठवला की हसू येतं आणि मग येत नाही.

तिने विचारलं कसं वाटतंय. मला मराठीत उत्तर सुचलं, "जीव नकोसा झालाय", आणि मी ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. तिचा आवाज बदलला. घरात कोण आहे, गोळ्या किती आहेत, काही ठरवलंय का, आत्ता एकटी आहेस का. मी समजावायला लागले की अहो आमची आजी मे महिन्यात उकाड्याने रोज हे वाक्य म्हणते, आमच्याकडे माणूस गर्दीतही मरतो, हसूनही मरतो, लाजेनेही मरतो. पण खरं सांगू का, मी ते अगदी आजीसारखं म्हणत नव्हते. आणि इतकं सरळ मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्याने नाही, आईने नाही.

मग वाट बघणं आलं. शंभरातल्या पंचाहत्तर जणांची थेरपी सहा आठवड्यांत सुरू व्हावी असं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं टार्गेट असतं. माझा पहिला कॉल झाला तीच "सुरुवात" धरली गेली बहुतेक, नीट थेरपी मिळाली त्यानंतर चार महिन्यांनी. खिशातून पैसा गेला नाही, गोळ्यांचे काही पौंड सोडले तर. काकांना हे सांगितलं की ते "चार महिने" एवढंच ऐकतात आणि मावसबहीण "पैसा गेला नाही" एवढंच ऐकते, कारण तिच्याकडे थेरपिस्टच्या एका तासाला पावणेदोनशे डॉलर जातात आणि तो इन्शुरन्सच्या यादीत नाही.

पुण्यात आले तर सोमवारी फोन केला, बुधवारी डॉक्टर. बघा, असं असतं आपल्याकडे, असं मीही चार जणींना सांगितलं. नंतर लक्षात आलं की हे "आपल्याकडे" म्हणजे कोथरूड, आणि हातात फी. निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये देशभर सर्व्हे केला, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांना उपचारच मिळत नव्हते. आणि त्या सुमाराच्या दुसऱ्या एका हिशेबात देशात लाख लोकांमागे एक पूर्ण सायकियाट्रिस्टसुद्धा नव्हता, पाऊण होता. तो पाऊण डॉक्टरही बहुतेक शहरातच बसतो.

केबिनमध्ये आई माझ्याबरोबर आत. डॉक्टर माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "यांना जरा बिझी ठेवा." मी पस्तीस वर्षांची बाई! इतका राग आला की रिक्षात बोललेच नाही. पण लीड्सला नवऱ्याला बाहेर बसवलं होतं, ते माझ्या हक्कासाठीच होतं हे कळत होतं, तरी त्या बंद दाराआड मला जितकं एकटं वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं. आता यातलं कुठलं चांगलं? नवऱ्याला मी आत बोलवू शकत होते, मागितलंच नाही. आईला बाहेर बसव म्हणू शकत होते, तेही म्हटलं नाही. आणि गोळ्या वेळेवर मी घेतल्या त्या आईमुळे, तिने डबीवर वार लिहून ठेवले होते.

घरच्यांना बरोबर ठेवणं हा आपला मागासपणा आहे असं मावसबहिणीला वाटतं, म्हणून मी तिला अमृतसरची गोष्ट सांगते. तिथल्या मेंटल हॉस्पिटलमध्ये डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या घरच्यांना तिथेच राहायला लावलं. जागा कमी होती, माणसं कमी होती, पण पेशंट लवकर बरे होऊन घरी जायला लागले, आणि वेल्लोरला, निम्हान्सला घरच्यांना सामील करून घ्यायची पद्धत पुढे रुजली.

काकांसाठी वेगळं औषध आहे. "आपल्यात डिप्रेशन नव्हतंच, हे फॉरेनचं फॅड." मग काका, तुम्ही लहानपणी ज्याला त्याला "याला येरवड्याला पाठवा" म्हणायचात ते काय जेलबद्दल होतं? मुंबईकर ठाण्याला पाठवायचे, कोकणातले रत्नागिरीला, विदर्भातले नागपूरला. चार सरकारी मनोरुग्णालयं, बहुतेक शंभरीच्या पुढची, आणि आपल्या भाषेत ती फक्त शिवी म्हणून उरली.

आणि कायद्याचं तर फारच मजेशीर आहे. आत्महत्येचा प्रयत्न केला तर भारतात गुन्हा, किती क्रूर, असं तिकडच्या एका बाईने मला डोळे मोठे करून ऐकवलं होतं. ते दंड विधानातलं कलम ३०९ तुमच्याच लोकांनी १८६० साली आमच्यासाठी लिहिलं हो. स्वतःच्या देशातला तसला कायदा १९६१ ला काढून टाकला आणि आपण मात्र ते कलम आजोबांच्या कोटासारखं जपून ठेवलं! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला मदत द्यायची, तो लागू झाला २०१८ मध्ये, आणि २०२४ च्या जुलैपासूनच्या नव्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात राहिलं नाही. यात कोणी कोणाला नाक वर करून बोलावं?

शब्दही गंडवतात. माझ्या मैत्रिणीचा काउन्सेलर तिच्या गोष्टी तिच्याच नणंदेला सांगत होता. मावसबहीण म्हणाली, लायसन्स बोर्डाकडे तक्रार कर. कुठलं बोर्ड? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते, पण "काउन्सेलर" अशी पाटी लावायला आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणी काही विचारत नव्हतं, त्यासाठीचा कायदाच आला २०२१ मध्ये. शब्द तोच, मागची व्यवस्था वेगळी, आणि सल्ला मात्र पूर्ण आत्मविश्वासाने!

बरं, सगळं शहाणपण तिकडूनच येतं असंही नाही. गोव्यात संगथ नावाची मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, १९९६ पासून. त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना शिकवून, सहा-आठ बैठकांत डिप्रेशनच्या पेशंटशी बोलायचं कसं ते बसवलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोंकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांबरोबर. त्याचा नीट अभ्यास होऊन २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पणजीच्या आसपास राहणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना हे माहीत नव्हतं, त्यांनी थेरपीचं परदेशी ॲप घेतलं होतं, महिन्याचे पैसे भरून.

मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून शाळेतली मैत्रीण फोनवर होती, भाऊ तीन आठवडे खोलीबाहेर येत नाहीये म्हणून. तिनेही तेच विचारलं, तू तिकडे होतीस ना, तिकडे काय करतात? मी जीपी, फॉर्म, थेरपी असं सुरू केलं. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ते राहू दे गं. आमच्या सिव्हिलला मनाच्या डॉक्टरची ओपीडी कुठल्या वारी असते ते कळेल का?"

मला माहीत नव्हतं. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, २०२२ पासून आहे, मराठीत बोलतात. तिने भावाशेजारी बसूनच लावला. ओपीडीचा वार नंतर तिनेच मेसेज करून कळवला, आणि खाली लिहिलं होतं, येतोय म्हणाला, पण आई नको बरोबर.