माझी पहिली पेनटेस्ट

पहिल्यांदा पेनटेस्टचं, म्हणजे परवानगी घेऊन क्लायंटच्या सिस्टीमवर हल्ला करून भोकं शोधायचं, काम हातात आलं, तेव्हा मी लॅपटॉप उघडून थेट एनमॅप हे स्कॅनिंगचं टूल चालवायच्या बेतात होते. सीनियरने विचारलं, "परवानगीचं पत्र कुठंय?" क्लायंटचा 'करा सुरू' असा मेल आलाय म्हटल्यावर त्याने हातच जोडले. मग दोन दिवस नुसती कागदपत्रं: कोणते आयपी पत्ते, कोणती डोमेन, किती ते किती वाजेपर्यंत, काय अजिबात करायचं नाही, आणि काही बिघडलं तर रात्री-अपरात्री फोन कोणाला. मला तो वेळकाढूपणा वाटत होता. पण यादीतल्या आयपींची मालकी हूइजवर (कोणता आयपी कोणाच्या नावावर, त्याची नोंद) पाहिली, तर एक त्यांचा नव्हताच. जुन्या होस्टिंगबरोबर सोडलेला तो आयपी आता भलत्याच कुणाकडे होता. सहीशिक्क्याचं पत्र खिशात ठेवून मी परक्याच्या सर्व्हरवर चाल करून गेले असते.

स्कॅनिंगमध्ये मात्र माती खाल्लीच. एनमॅप आपणहून नेहमीच्या वापरातली १००० टीसीपी पोर्टच (सर्व्हरची नेटवर्कवरची दारं) बघतो. एकूण असतात ६५,५३५. मी सगळी घेतली, तीही सुसाट वेगाने, भर कामाच्या वेळेत. एका जुन्या सर्व्हरने मान टाकली. तो 'रात्री-अपरात्री'चा नंबर मला दुपारी तीनलाच लावावा लागला. तेव्हापासून प्रत्येक कमांड वेळेसकट लिहून ठेवते. 'हे तुमच्यामुळे झालं का?' याला नंतर खरं उत्तर देता येतं.

ऑटोमॅटिक स्कॅनरने लालभडक यादी दिली. त्यातलं बरंचसं नुसतं आवृत्तीच्या आकड्यावरून ठरवलेलं. आकडा जुना दिसतो, पण लिनक्सच्या डिस्ट्रोने (उबुंटूसारख्या तयार संचाने) दुरुस्ती त्याच आवृत्तीत आधीच घातलेली असते. एकेक मुद्दा हाताने पडताळताना डोळे गेले.

खरं भोक त्या यादीत नव्हतंच. आम्ही दोन टेस्ट अकाउंट मागून घेतली होती. पहिल्याने लॉगिन केलं, बिल उघडलं, ती रिक्वेस्ट बर्प या टूलच्या रिपीटरमध्ये (तिथे ती बदलून पुन्हा पाठवता येते) टाकली आणि बिलाच्या नंबरातला शेवटचा ७ बदलून ८ केला. दुसऱ्या अकाउंटचं बिल नावपत्त्यासकट समोर! सर्व्हर लॉगिन तपासत होता, बिल कोणाचं ते नाही. स्कॅनरला तरी ते कसं कळावं? त्याच्या लेखी तो निव्वळ यशस्वी २००, म्हणजे 'सगळं ठीक' असा सर्व्हरचा कोड, होता. ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या टॉप टेनमध्ये ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (कोणाला काय दिसावं याची तपासणी फसणं) पहिलं आहे, ते उगाच नाही. दोन्ही अकाउंट आमचीच, त्यामुळे पुरावा मिळाला आणि खऱ्या ग्राहकाच्या बिलाला हातही लागला नाही. रिपोर्टची वाट न बघता लगेच फोन केला.

रिपोर्टचा पहिला खर्डा मी स्कॅनरची पानं चिकटवून जाडजूड केला होता. तो तसाच परत आला. पुन्हा लिहिला: पहिलं पान मालकाला कळेल अशा भाषेत, पुढे प्रत्येक मुद्द्याला पायऱ्या, स्क्रीनशॉट, उपाय. सीव्हीएसएसचा, म्हणजे तीव्रता मोजायच्या ठरलेल्या पद्धतीचा, आकडा दिला, पण क्रम त्यांच्या धंद्याला बसणाऱ्या फटक्यावरून लावला. हल्ल्यापेक्षा यातच जास्त दिवस गेले.

महिन्याभराने रीटेस्ट. वेबसाइटवर नंबर बदलला, ४०३ ('परवानगी नाही') आला. डेव्हलपर खुशीत. मी तोच नंबर मोबाइल ॲपच्या जुन्या एपीआयला (ॲप सर्व्हरशी बोलतं तो मार्ग) दिला. बिल आलं. मुद्दा पुन्हा उघडला, 'अंशतः दुरुस्त' अशा शेऱ्यासह.